पांढऱ्या डागातली वाट

हिवरदऱ्याच्या शाळेत एक मोठं काचेचं टेबल होतं आणि त्या टेबलात अख्खं गाव मावलेलं होतं. घरं, विहिरी, उसाचे मळे, शाळेची व्हॅन जायची तो डांबरी रस्ता, सगळं त्यात दिसे. काचेवर बोटं फाकवली की एकेका घराचं अंगण मोठं होऊन समोर येई, बोटं जवळ आणली की गाव पुन्हा तळहाताएवढं होई. मुलं त्याला ‘गावटेबल’ म्हणायची. इतिहासाच्या तासाला ढोबळे बाई त्याच टेबलावर जुनं गाव दाखवायच्या, आणि ग्रामपंचायतीला त्याच टेबलावरून कळायचं की कुठला नळ गळतो आहे आणि कुठला दिवा बंद आहे.

पण त्या हिवाळ्यात मुलं गावटेबलाजवळ जायला कचरू लागली. टेबलावर लाल ठिपके उमटत होते. एकेक ठिपका म्हणजे बिबट्या.

गावात कुणाला बिबट्या दिसला, त्याच्या पायाचा ठसा मातीत सापडला किंवा कुणाची शेळी गेली, की तो माणूस मनगटावरची पट्टी दाबून म्हणे, “इथं.” एवढंच. पट्टी उपग्रहांच्या मदतीनं त्या जागेचे अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरची कुठलीही जागा नेमकी सांगणारे दोन आकडे) शोधी, आणि क्षणात गावटेबलावर ठिपका पेटे. सणसांचा कुत्रा साखळीसकट गेला, ठिपका पेटला. पाणवठ्यावर मोठा ठसा दिसला, ठिपका पेटला. मुलं वर्गात बसलेली असताना शेजारच्या खोलीतून ठिपका पेटल्याची बारीकशी ‘टिंग’ ऐकू येई आणि सगळ्यांची मान एकदम तिकडं वळे. कुणाच्या घराजवळ, हाच विचार प्रत्येकाच्या मनात येई.

कस्तुरी डोके सातवीत होती. तिचं घर भोरमळ्यात, म्हणजे शाळेपासून लांब, उसाच्या पट्ट्यापलीकडे. एरवी व्हॅन होतीच, पण व्हॅन बंद पडली तर भोरमळ्याच्या मुलांनी कुठून जायचं? ही वाट शोधायचं काम बाईंनी कस्तुरीवर सोपवलं होतं, कारण गावटेबलाशी बोलायला तिच्याइतकं कुणालाच जमत नसे.

आणि तिनं वाट शोधलीही. शाळा आणि भोरमळा यांच्या मधोमध, लाल ठिपक्यांच्या गराड्यात, एक पांढराशुभ्र डाग होता. चारी बाजूंना ठिपकेच ठिपके, आत मात्र एकही नाही. उपग्रहानं काढलेल्या चित्रात त्या डागातून एक फिकट रेघ गेलेली दिसत होती. ती होती जुन्या चारीची वाट. पूर्वी कालव्याचं पाणी चारीतून उघड्यावर वाहायचं, तेव्हा माणसं त्या वाटेनं ये-जा करायची. आता पाणी जमिनीखालच्या नळांतून जात होतं आणि चारी कोरडी पडली होती.

सगळ्यांनी कस्तुरीची पाठ थोपटली. आबांनी तेवढी थोपटली नाही.

आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, माधवराव औटी. उपग्रहांनी काढलेली चित्रं वाचण्यात त्यांचा सारा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहत आणि अधूनमधून लेकीकडे येत. गुडघा दुखरा असूनही त्या दिवशी सकाळी ते मुद्दाम व्हॅनमधून शाळेत आले आणि गावटेबलावर ओणवे होऊन बराच वेळ तो पांढरा डाग बघत राहिले.

“कस्तुरी,” ते म्हणाले, “हा ठिपका कोण लावतं?”

“ज्याला बिबट्या दिसतो तो.”

“म्हणजे ठिपका पडायला किती जण लागतात?”

“किती म्हणजे? एक बिबट्या.”

“नीट विचार कर.”

“आबा, तुम्ही ना, साधं काही सांगतच नाही!” कस्तुरी वैतागली. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि ती पळाली. आबा दुपारी कुणाच्या तरी गाडीवर बसून भोरमळ्याला परतले. कोडं तसंच राहिलं.

शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा ‘टिंग’ झालं. डांबरी रस्त्यावरच्या वळणावर, भरदिवसा, कुणाला तरी बिबट्या रस्ता ओलांडताना दिसला होता. रस्ता बंद झाला, व्हॅन पलीकडच्या गावातच थांबवून ठेवली. ऊन अजून चांगलं होतं, पण हिवाळ्यातलं ऊन, ते कधी ओसरेल याचा नेम नव्हता. भोरमळ्याची तीनच मुलं त्या दिवशी शाळेत होती: कस्तुरी, दुसरीतला रेहान आणि पहिलीतली जुई.

बाईंनी कस्तुरीच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “चारीच्या वाटेनं पाठवा. मी इकडून निघतो, निम्म्यात गाठतो. टिटवीला सोबत द्या फक्त.”

टिटवी म्हणजे शाळेचा यंत्रमानव. शेळीएवढी उंची, चार पाय, पाठीवर दिवा आणि कान किटवणारा भोंगा. त्या भोंग्यामुळेच मुलांनी तिला हे नाव ठेवलं होतं. गावटेबलाची एक प्रत कायम तिच्या पोटात असे आणि तिच्या पाठीवरच्या पाटीएवढ्या पडद्यावर ती बघता येई.

चौघं निघाली.

सुरुवातीला मजाच वाटली. रेहान टिटवीच्या पायांची नक्कल करत चालत होता. जुई मध्येच थांबून कोरड्या चारीत खडे टाकत होती. मग वाट उताराला लागली, दोन्ही बाजूंचा ऊस जवळ आला, उंच झाला, आणि वर आभाळाची फक्त एक पट्टी उरली.

“गावटेबलाशी संपर्क तुटला,” टिटवी म्हणाली. “आपण खोलगट भागात आहोत. माझ्याकडची प्रत चालू आहे.”

कस्तुरीनं मान हलवली, पण तिला बरं वाटलं नाही. इथं विलक्षण शांत होतं. हा सारा ऊस शहरात राहणाऱ्या कुणाचा तरी होता. मातीत पुरलेली यंत्रं ओल मोजत आणि पाणी आपोआप सोडत. फवारणीसुद्धा वरून उडणारी यंत्रं करत. मध्येच कुठंतरी ‘टक्’ असा आवाज होई, नळी उघडे आणि उसाच्या बुडाशी पाणी झिरपू लागे. ऊस वाढत होता, पाणी पीत होता, पण त्याला बघायला माणूस म्हणून कुणी येत नव्हतं.

तेवढ्यात कस्तुरीच्या तोंडावर काहीतरी चिकटलं. ती दचकून मागं सरली. कोळ्याचं जाळं होतं. तिनं ते पुसलं आणि चार पावलं गेली, तर पुन्हा जाळं. मग आणखी एक. वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, न तुटलेली जाळी.

तिचे पाय आपोआप थांबले. इथून कुणी गेलं असतं, तर ही जाळी तुटली असती.

ठिपका पडायला किती जण लागतात? आबांचा सकाळचा प्रश्न तिच्या कानात घुमला, आणि त्याचं उत्तर तिला त्या उसात उभ्या उभ्या सापडलं. दोघं लागतात. एक बिबट्या आणि एक त्याला बघणारा माणूस. दोघांतला एक नसला तरी ठिपका पडत नाही.

“टिटवी,” ती वळून म्हणाली, “या वाटेनं या हिवाळ्यात किती माणसं गेली? पट्ट्यांच्या वावरावरून सांग.”

“वावराचा थर उघडते,” टिटवी म्हणाली. थर म्हणजे नकाशावर टाकता येणारा माहितीचा पारदर्शक पापुद्रा. एकात नुसती घरं, एकात नुसतं पाणी, एकात जमिनीची उंची. हवा तो वर आणायचा, नको तो मिटवायचा. पडद्यावर आता निळ्या रेघा उमटल्या, जिथं जिथं गावातली माणसं फिरली तिथं तिथं. डांबरी रस्ता निळा, पाणवठा निळा, घरांच्या अवतीभोवती निळ्याचा नुसता गुंता. पांढऱ्या डागात एकही रेघ नव्हती.

“एकही माणूस गेलेला नाही,” टिटवी म्हणाली.

“मग ही वाट सुरक्षित आहे का?”

“माहीत नाही.”

“मग तू मला ही वाट दाखवलीस कशाला?”

“सर्वांत कमी ठिपक्यांची वाट कोणती, असं तू विचारलं होतंस. सर्वांत सुरक्षित वाट कोणती, असं विचारलं नव्हतंस.”

कस्तुरीनं ठिपक्यांचा थर वर आणला. ठिपके डागाभोवती गोल पडले होते. का? कारण मधे कुणीतरी राहत होतं, आणि ते बाहेर पडलं की कडेला माणसांना दिसत होतं.

“ताई, काय झालं?” रेहाननं विचारलं.

“काही नाही. माझा हात धर. आणि जुई, तू टिटवीच्या पाठीवर बस बघू.”

“मी नाही दमले.”

“तरी बस.”

जुईला टिटवीवर बसवताना कस्तुरीची नजर खाली गेली. नळीतून झिरपलेल्या पाण्यानं वाटेची माती ओली झाली होती, आणि त्या मातीत ठसे होते. गोलसर, मागं गादी आणि पुढं चार बोटं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, या ठशांत नखं नव्हती. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, हे बाईंनीच शिकवलं होतं. त्या मोठ्या ठशांच्या आसपास आणखी ठसे होते. तसेच, पण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे.

आणि तेव्हाच डावीकडच्या उसातून बारीक आवाज आला. म्यँव.

“मनीमाऊ!” जुई टिटवीवरून उतरायला लागली. कस्तुरीनं तिला गच्च धरलं.

“नाही. ती मनीमाऊ नाही.”

समोर सातभाई पक्ष्यांनी एकदम कालवा केला. सगळे मिळून ओरडत होते, आणि एकच जागा सोडून उडत होते.

“टिटवी, ऊब बघ,” कस्तुरी पुटपुटली. टिटवीला उष्णतेचा डोळा होता (अंगातून निघणारी ऊब ओळखून, आडोशाला असलेला प्राणीसुद्धा हेरणारं उपकरण). पडद्यावर तीन नारिंगी डाग उमटले. डावीकडे, अगदी जवळ, दोन छोटे. उजवीकडे, थोडा पुढं, एक मोठा. तो मोठा डाग हलत होता.

आणि त्यांच्या मधोमध चार जणांची खूण होती. ती आपलीच खूण आहे हे कळायला कस्तुरीला क्षणभर वेळ लागला.

ऊस सळसळला. मग बिबटी वाटेवर आली.

ती काही उडी मारून आली नाही. पाणी सांडून पसरावं तशी ती उसातून वाटेवर उतरली आणि थांबली. कान मागं दाबलेले, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तिच्या गळ्यातून येणारी गुरगुर कानांना ऐकू येण्याआधी कस्तुरीला छातीत जाणवली. रेहानची नखं तिच्या मनगटात रुतली. त्याला पळायचं होतं. खरं तर तिलाही पळायचं होतं. पाठ फिरवायची आणि घर येईपर्यंत थांबायचं नाही.

“पळायचं नाही,” ती म्हणाली. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक, बहुतेक स्वतःलाच. “पळालं की तिला आपण शिकार वाटतो. वाकायचं नाही, बसायचं नाही.”

“भोंगा वाजवू?” टिटवीनं विचारलं.

कस्तुरीच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. पण नजर पडद्यावर गेली. भोंगा वाजला तर बिबटी जाईल कुठं? उजवीकडे, उसापलीकडे, द्राक्षबागेचं तारेचं कुंपण होतं, नकाशात ती काळी रेघ स्पष्ट दिसत होती. डावीकडे तिची पिल्लं. आणि पिल्लांकडे जायची जागा नेमकी तिथंच होती, जिथं ही चौघं उभी होती.

“आपण तिच्या दारात उभे आहोत,” कस्तुरीच्या तोंडून निघालं. “नको, भोंगा नको! आधी मागं सरायचं. तिच्याकडे तोंड ठेवून, हळू. रेहान, माझ्याबरोबर मोठ्यानं बोल. काहीही बोल. पाढे म्हण.”

“कुठला?”

“बेचा!”

“बे एके बे,” रेहान रडवेल्या आवाजात म्हणाला.

“बे दुणे चार!” कस्तुरी ओरडली आणि एक पाऊल मागं सरली. टिटवी जुईला घेऊन मागं सरली. बिबटी जागची हलली नाही.

“बे त्रिक सहा!” जुईसुद्धा डोळे गच्च मिटून ओरडत होती.

पाढा पुढं जाई तशी पावलं मागं जात. आपण बे सक म्हटलं की बे साती, हे काही कस्तुरीला कळत नव्हतं. तिला दिसत होते फक्त ते दोन पिवळे डोळे, आणि ते आपल्यावरून हटावेत एवढंच तिला हवं होतं.

पाढा संपायच्या आत ते हटले. बिबटीनं डावीकडे बघितलं. पुन्हा ‘म्यँव’ झालं. ती मान खाली घालून झपकन वाट ओलांडून गेली. उसाची चार पानं हलली आणि थांबली, जणू काही झालंच नव्हतं.

“उंचीचा थर,” कस्तुरी कशीबशी म्हणाली. “मोकळी, उंच जागा कुठं आहे?”

“मागच्या वळणाशी चारीचा जुना भराव आहे. वर ऊस नाही.”

ती मागं मागं चालत भरावापर्यंत आली आणि रेहानला ढकलत, टिटवीमागोमाग वर चढली. इथं ऊन होतं, वारा होता. लांबवर भोरमळ्याची घरं दिसत होती. रेहान आता हुंदके देत होता. कस्तुरी त्याला जवळ घेणार, तोच तिला आठवलं.

बाबा!

बाबा समोरून येत होते. त्याच वाटेनं. ते पिल्लांजवळच्या त्या जागेवर पाय ठेवणार होते आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“बाबा!” ती जीव खाऊन ओरडली. आवाज उसातच विरला.

“उंचावर आल्यानं संपर्क जुळला आहे,” टिटवी म्हणाली.

कस्तुरीनं पडद्यावर ठिपका लावला. पांढऱ्या डागातला तो पहिला ठिपका. पुढं ती पट्टीत ओरडली, “बिबटी आहे! पिल्लं आहेत! बाबा, थांबा, पुढं येऊ नका!” आणि मग ती वाट बघत राहिली. आबांनी शिकवलं होतं की नकाशावर एका ठिकाणी लावलेली खूण डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळीकडे दिसते. पण तो क्षण काही केल्या संपेना.

“कस्तुरी!” पट्टीतून बाबांचा आवाज आला, धापा टाकत. “दिसला ठिपका. थांबलोय मी. तुम्ही कुठं आहात?”

“भरावावर.”

“तिथंच थांबा. हलू नका. मी द्राक्षबागेतून वळसा घालून येतो.”

ते आले तेव्हा त्यांच्यामागं भोरमळ्यातली सात-आठ माणसं होती, हातात पत्र्याचे डबे आणि काठ्या. आबांनीच सगळ्यांना हाकारून पाठवलं होतं. घरी बसून ते आपल्या पडद्यावर मुलांची खूण बघत होते, आणि ती खूण पांढऱ्या डागात शिरून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी अंगणात येऊन आरडाओरडा केला होता. बाबांनी एका हातानं जुईला उचललं, दुसऱ्या हातानं कस्तुरीला छातीशी धरलं. त्यांचं काळीज केवढ्यानं धडधडत होतं, ते तिला ऐकू आलं. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

घरी आल्यावर आबांनी तिला शेजारी बसवून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मी कोडं घालत बसलो,” ते म्हणाले. “सरळ सांगायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“पण वाट मीच निवडली होती, आबा. मला वाटलं, पांढरं म्हणजे काही नाही.”

“अगं, ढगाळ रात्री चांदण्या मोजायला बसलीस तर किती भरतील?”

“एकही नाही.”

“म्हणजे आभाळातल्या चांदण्या गेल्या?”

कस्तुरीनं नाक पुसत मान हलवली. “नाही. आपल्याला दिसल्या नाहीत.”

“बस, एवढंच. ‘बघितलं आणि नव्हतं’ ही एक गोष्ट. ‘बघितलंच नाही’ ही अगदी वेगळी. आपल्या गावटेबलावर दोन्ही पांढरंच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी शाळेत पाढे म्हणायची वेळ आली तेव्हा बाईंनी रेहानला त्यातून सूट दिली. कस्तुरी गावटेबलापाशी उभी होती. काचेकडे बघताना तिला अजून ती गुरगुर छातीत जाणवत होती. तरीही ती बाईंना आणि मुलांना सांगू लागली.

“इथं पाणवठ्यावर खूप ठिपके आहेत. म्हणून आपण म्हणतो, पाणवठ्यावर बिबट्या फार. पण पाणवठ्यावर रोज अख्खं गाव जातं. खूप डोळे, म्हणून खूप ठिपके. आता ठिपक्यांच्या थरावर माणसांच्या वावराचा थर ठेवा आणि विचारा, शंभर माणसं गेली तर त्यांतल्या किती जणांना बिबट्या दिसला?”

तिनं दोन्ही थर एकत्र आणले. पाणवठ्यावरचा गडद लाल रंग एकदम फिका पडला. शाळेमागच्या ओढ्याशी मात्र, जिथं दोनच ठिपके होते, तिथं रंग चढला. त्या बाजूला क्वचितच कुणी जाई, आणि जे गेले त्यांतल्या बहुतेकांना ठसे दिसले होते. मुलं सरसावून पुढं आली.

“आणि जिथं कुणीच गेलं नाही?” एका मुलानं विचारलं.

“तिथं उत्तरच नाही. म्हणून तिथं वेगळा रंग हवा.”

त्यांनी तो रंग राखाडी ठरवला. राखाडी म्हणजे माहीत नाही. त्याचबरोबर पट्टीवर एक नवी खूण आली, हिरवी. रोज रात्री गोठ्यात कंदील घेऊन फेरी मारणाऱ्या सणसांनी ती पहिल्यांदा वापरली: “बघितलं, काही नव्हतं.” नाही म्हणणंसुद्धा नकाशाला सांगायचं असतं, हे गावाला प्रथमच कळत होतं. आठवड्याभरात गावटेबल पार बदललं. पांढरं असं काही उरलंच नाही. लाल, हिरवं, आणि बरंचसं राखाडी.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी पांढऱ्या डागाच्या कडेला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, आणि तिसऱ्याच दिवशी एका फोटोत बिबटी पिल्लाला मानेला धरून नेताना दिसली. उसाच्या मालकानं पिल्लं चालती-फिरती होईपर्यंत त्या पट्ट्यातली तोडणी लांबवली. व्हॅनची वेळ अलीकडे आणली, भोरमळ्याच्या रस्त्याला दिवे लागले, शेळ्यांच्या गोठ्यांना जाळ्या बसल्या. भीती लगेच गेली नाही. कस्तुरी कित्येक दिवस उसाजवळून जाताना बाबांचा हात सोडत नव्हती, आणि रात्री पान हललं तरी उठून बसत होती. पण आता ती भीती सगळ्या गावभर पसरलेली नव्हती. कुठं जपायचं आणि कुठं मोकळं चालायचं, हे माहीत झालं होतं.

एक दिवस आरोग्य उपकेंद्राच्या शेलार सिस्टर शाळेत आल्या. त्या गावटेबलावर तापाच्या रुग्णांचा थर ठेवत. डासांमुळे येणारा ताप कुठल्या वस्तीत वाढतो आहे, हे त्यावरून कळे आणि तिथं फवारणी होई.

“डोंगरावरच्या ठाकरवाडीत यंदा एकही रुग्ण नाही,” त्या समाधानानं म्हणाल्या.

कस्तुरीनं थर बदलला. ठाकरवाडी राखाडी झाली.

“सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “तिथून यंदा कुणी काही कळवलंय का? तिकडं पट्ट्यांना संपर्क मिळतो?”

सिस्टरांनी पुन्हा काचेकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मावळलं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला, गाडी मागवली आणि औषधांची पेटी भरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सिस्टरांबरोबर बाई होत्या, आणि बाबांची परवानगी काढून कस्तुरीही होती. टिटवी मागं बांधलेली होती. ठाकरवाडीत पाच घरांत माणसं तापानं फणफणली होती, त्यांत दोन लहान मुलं. खाली निरोप पोचत नव्हता, आणि त्यांना उतरवून आणायला चालती माणसं कमी पडत होती. सिस्टरांनी रक्त तपासलं, औषधं दिली, एका बाळाला गाडीत घालून थेट दवाखान्यात पाठवलं. “अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं,” त्या बाईंना म्हणाल्या. पण संध्याकाळी परतलेल्या गाडीबरोबर दवाखान्यातून निरोप आला, बाळ दूध प्यायला लागलं होतं.

वाडीतल्या घरांच्या खुणा करताना एक मुलगी टिटवीजवळ येऊन उभी राहिली. बिजली तिचं नाव. कस्तुरीएवढीच होती. पडद्यावर राखाडी डोंगर होता.

“यात आमचं घर कुठाय?” तिनं विचारलं.

“अजून नाही. तूच लाव.”

बिजलीनं आधी बोट मागं घेतलं, मग हलकेच टेकवलं. राखाडीत एक छोटंसं घर उजळलं. ती खुदकन हसली. तिनं आणखी एक खूण केली, ती झऱ्याची. मग आंब्याची. मग करवंदीच्या जाळीची, जिथं कुणी एकट्यानं जायचं नसतं. तिच्या बोटाखाली डोंगराला हळूहळू रंग येत होता.

“आणि त्या टेकाडापल्याड काय आहे गं?” कस्तुरीनं विचारलं.

बिजलीनं टेकाडाकडे बघितलं, मग पडद्याकडे.

“ठाऊक नाही,” ती म्हणाली. “सगळे मिळून जाऊ आणि बघू.”